आत थोडा दाब जास्त

हवल्लीच्या त्या गल्लीत, इशाच्या नमाजानंतर
दुकानं पुन्हा भरतात तेव्हा
तस्नीमनं मला एका काचेच्या डब्यासमोर उभं केलं.
यादी तिच्या मोबाईलात, पाकीट माझ्यापाशी.

पुढून अखंड काच. आत सात रंगांचे पंखे,
हळदीच्या मांडवासारखा लखलखाट.
काउंटरवरचा शिहाब म्हणाला,
सर, गेमिंगवाले सगळे हीच केस नेतात.

नेत असतील.
मी विचारलं, ही श्वास कुठून घेते?

बावीस वर्षं मी या शहरात पत्रा वाकवतोय.
खोट्या छतांच्या पोटातून जी हवा धावते
तिच्या वाटा माझ्या हातच्या:
दोन शाळा, एक बँक, जाबरियातलं इस्पितळ,
कुणाच्या तरी दिवाणियाचं अख्खं छत.
हवा नीट वाहिली
की कुणी मान वर करून बघत नाही.

खिशात हॉटेलातला टिश्यू होता.
त्याची बोटभर पट्टी फाडली,
काचेच्या कडेला, फटीपाशी धरली.
पंखे नुसते नाचत होते.
पट्टी लोंबत राहिली,
गृहपाठ विसरलेल्या पोरासारखी.

मग शेजारची. काळी, बिनरंगाची,
तोंडभर जाळी.
पट्टी हातातून सुटली
आणि जाळीला जाऊन चिकटली.

तस्नीम हसेल असं वाटलं होतं.
तिनं पट्टी सोडवली
आणि स्वतः धरून पाहिली. दोनदा.

मग तिची पाळी.
अब्बा, ही भिंत बघा, स्क्रूशिवाय निघते.
हा कप्पा सरकवा, इथे लांब कार्ड बसेल,
हा पिंजरा नको असेल तर काढून टाका,
वायरी सगळ्या पाठीमागून.
तीन वर्षांनी आतलं सगळं बदललं तरी
केस हीच.

मला फरवानियातली खोली आठवली.
आम्ही आठ जण, मधे प्लायवूड.
कुणाचा भाऊ आला की प्लायवूड वीतभर इकडे,
कुणाचा व्हिसा संपला की वीतभर तिकडे.
मॉड्युलर हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता.
खिडकी एकच, तिच्याखाली मुकादमची खाट,
जुलैत आम्ही तिथे पाळीपाळीनं बसायचो.

तिला वरती अजून तीन पंखे हवे होते, हवा बाहेर फेकणारे.
मी म्हटलं, नको.
इथे तोझ येतो. आभाळ विटेसारखं होतं
आणि बंद कपाटातली चादरसुद्धा करकरते.
जेवढी हवा टाकशील
त्याहून थोडी जास्त आत घे, गाळून घे.
आत दाब थोडा जास्त असला
की फटीफटीतून धूळ शिरत नाही.
ऑपरेशनच्या खोलीला आम्ही हेच करतो.

"हे घरी कधी सांगितलं नाहीत."
घरी कोण विचारतं, ग, पंख्यांचं.

शिहाबनं दीड दिनार सोडला.
पैसे मोजत होतो तेव्हा
ती त्याला हळूच विचारत होती,
पूर्ण उघडली तर सपाट होते का?
तेवीस किलोच्या बॅगेत जाईल?
सप्टेंबरात मला पुण्याला...

माझी मोजणी चुकली.
पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरू केली.

रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो.
तिच्या खोलीत बारीक घुमणं,
कुठलं तरी शहर वाचवणं चाललेलं,
मधेच कुणाला तरी शिवी, मधेच हसू.
दार लावलेलं.

पट्टी अजून सदऱ्याच्या खिशात होती, चुरगळलेली.
गुडघे मोडत खाली बसलो,
दाराखालच्या फटीशी धरली.

पट्टी माझ्याकडे झुकली.